स्पिन्स्टर

गोव्यातल्या आमच्या जुन्या घराच्या विक्रीखताचा मसुदा मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. घरात इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझं. बाबा-आई, काका-काकू अशी जोडीनं नावं वाचत खाली आले आणि आत्याच्या नावापुढे अडखळले. तिथे लिहिलं होतं, 'स्पिन्स्टर'.

आत्या बावन्न वर्षांची. बेळगावात आमच्या पॅरिशमधल्या कितीतरी मुलींचे पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक तिच्या मशीनवर शिवले गेलेत. माझी बारावीची फी त्यातूनच गेली. लग्न केलं नाही, एवढंच. पण हा शब्द आला की मला इंग्रजी कादंबऱ्यांतली किरकिरी, कुणाला नको असलेली बाई दिसते. मी तो गाळून पुढे गेले.

"काय गाळलंस गं?" आत्याच्या लक्षात आलंच.

"अविवाहित लिहिलंय," म्हटलं.

रात्री शब्दकोश काढला. जुन्या इंग्रजीत शेवटी 'एस्ट्रे' लागलं की ते मुख्यतः काम करणाऱ्या बाईचं नाव व्हायचं. त्याचंच पुढे 'स्टर' झालं. भाजणारी ती बॅक्स्टर, विणणारी वेब्स्टर, बिअर गाळणारी ब्रूस्टर, सूत कातणारी स्पिन्स्टर. आपल्याकडे शिंपीण म्हटलं की लोक आधी शिंप्याची बायको समजतात. (कोळीण मात्र स्वतःच टोपली घेऊन बसते, ते वेगळं.) 'स्टर'ला नवरा लागत नव्हता, हातातलं काम पुरे होतं.

पुढे पुरुषही तीच नावं लावू लागले. बॅक्स्टर, वेब्स्टर तर आडनावं झाली. शेपटातली बाई इतकी विसरली गेली, की सीमस्टर म्हणजे शिवणारी, तिला परत बाई करायला 'सीमस्ट्रेस' म्हणावं लागलं. मग शेपूटच बदनाम झालं: ट्रिकस्टर, गँगस्टर. स्पिन्स्टर तेवढी बाईकडेच राहिली, पण सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदावर तिचा अर्थ 'बिनलग्नाची' असा झाला. चरखा गेला, नवरा नसणं उरलं. इंग्लंडने 2005 मध्ये विवाहनोंदणीतून हा शब्द काढला. आमच्या मसुद्यात तो आहेच.

सकाळी आत्याला सगळं सांगितलं. ती बॉबिन भरत होती.

"मी सूत कुठे कातते? मी शिवते."

"मग सीमस्टर."

"ते राहू दे. सगळ्यांच्या जोड्या लिहिल्यात, मी एकटीच कशी?"

गोव्याच्या कायद्यात, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. घर विकायचं तर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून कागदावर प्रत्येकाचं लग्न झालंय की नाही, ते लिहितात. काकांच्या हिश्शाला काकूंची सही हवी. आत्याच्या हिश्शाला फक्त आत्याची.

"म्हणजे मला कुणाला विचारायला नको?"

"नको."

तिने बॉबिन मशीनमध्ये बसवली. "तो शब्द गाळू नको हां आता. आणि हिस्सा किती लिहिलाय, ते परत वाच."