अजिंठा, पण समोरून!

*लेणी पाहून झाली? मग अजिंठा अजून अर्धाच झालाय. उरलेला अर्धा नदीच्या पलीकडे आहे आणि तिथे लिफ्ट नाही!*

अजिंठ्याला जाऊन आलेल्या मित्राला विचारा, 'व्ह्यू पॉइंट केलास का?' उत्तर ठरलेलं, 'वेळच नव्हता यार!' फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची, बसने लेण्यांपाशी जायचं, पद्मपाणीसमोर 'वॉव' म्हणायचं, सव्वीस नंबरचा निजलेला बुद्ध बघायचा, शेवभाजीवर ताव मारायचा आणि परत. लेणी जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरची असली तरी रेल्वेने येणाऱ्याला जवळची जळगावचीच. शहरापासून जेमतेम ६० किलोमीटर. त्यामुळे खान्देशातल्या माणसाला अजिंठा म्हणजे घरचाच मामला. तरीही समोरच्या डोंगरावर जाणारे थोडेच.

खरं तर गंमत तिथेच आहे. वाघोरा नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते. बाहेरच्या बाजूला सुमारे ७६ मीटर उंच, सरळ तुटलेला कडा आणि त्यात एका ओळीत तीसेक लेणी. वळणाच्या आत जे डोंगराचं नाक पुढे आलंय, तिथे उभं राहिलं की सगळी रांग एका नजरेत मावते. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला दहा नंबरच्या लेण्याची कमान दिसली, ती याच समोरच्या बाजूने. (इथल्या गुराख्यांना ती आधीपासून माहीत होती, असंही सांगतात. ते पटतंच!)

इथून आणखी एक गोष्ट कळते, जी लेण्यांत फिरताना कधीच कळत नाही. आज सगळ्या लेण्यांना जोडणारी जी सलग वाट आहे, ती अलीकडची. भिक्खूंच्या काळी प्रत्येक लेण्याचा स्वतःचा जिना थेट नदीपर्यंत उतरायचा. म्हणजे तेव्हा हा कडा आडवा नाही, उभा वापरला जायचा. समोरून पाहिलं की हे पटकन डोक्यात शिरतं. चांगला व्ह्यू पॉइंट आपल्याला फक्त उंचीवर नेत नाही, तो जागेचं गणित उलगडून दाखवतो.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्याची काचेची फॅशन. २०२५ मध्ये सिंधुदुर्गातल्या नापणे धबधब्यावर काचेचा पूल झाला. चिखलदऱ्याला सिडकोने ४०० मीटरहून लांब स्कायवॉकचं काम हाती घेतलं. प्रत्येक दरीला आता 'आपल्याकडे पण पाहिजे' असं वाटू लागलंय. पर्यटक येतात, गावात चार पैसे येतात, वयस्कर आईबाबांनाही दरी बघता येते. यात वाईट काहीच नाही. पण प्रत्येक दरी सारखी नसते, बॉस!

आपला सह्याद्री काय किंवा अजिंठ्याचा डोंगर काय, तो थरांचा बनलाय. लाव्ह्याचा एक थर कठीण, त्याखालचा ठिसूळ. पावसाने ठिसूळ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. नेमक्या त्याच टोकावर उभं राहायला आपल्याला आवडतं! म्हणून डिझाइनचा पहिला नियम साधा आहे. पाया कड्याच्या काठापासून मागे, पक्क्या खडकात हवा. पुढे झेपावणाऱ्या भागाचं वजन मागच्या बाजूने पेललं पाहिजे. दुसरा नियम पाण्याचा. फरशी घालून पावसाचं पाणी एकाच कोपऱ्यातून दरीत सोडलं, की तिथला खडक झिजलाच समजा. तिसरा नियम खास आपल्या खान्देशचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा स्टीलच्या रेलिंगला हात लावून दाखवा! इथे काचेपेक्षा सावलीची गरज जास्त.

परदेशात सगळं भव्यच असतं असंही नाही. अमेरिकेत ग्रँड कॅनियनवर २००७ मध्ये काचेचा नालाकृती स्कायवॉक झाला, तो काठापासून सुमारे २१ मीटर पुढे जातो. त्याची चर्चा खूप झाली. पण त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत स्टेगास्टाइन नावाची गॅलरी उभी राहिली. समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावर ६५० मीटर उंचीवर ती ३० मीटर पुढे जाते आणि शेवटी लाकडाची फळी वळून खाली गेल्यासारखी उतरते. टोकाला फक्त एक काच. बघणाऱ्याचं लक्ष गॅलरीकडे न जाता दरीकडेच जातं. हीच तर खरी कमाल!

आमच्या मते कुठल्याही व्ह्यू पॉइंटची परीक्षा एकच. तिथून काय दिसतं, हे सगळेच विचारतात. पण समोरून तो कसा दिसतो? अजिंठ्यात हा प्रश्न फारच खरा आहे. दहा नंबरच्या दारात उभं राहून भिक्खूंनी जो हिरवा डोंगर पाहिला, जवळपास तोच आपण आज पाहतो. तो दोन हजार वर्षांचा 'व्ह्यू' आहे. उद्या तिथे एखादी चकाकणारी काच आली, तर इकडून सेल्फी छान येईल. तिकडून मात्र लेण्यांच्या अंगणात कुणीतरी होर्डिंग लावल्यासारखं वाटेल. काळ्या दगडाच्या पायऱ्या, मातकट रंगाचं रेलिंग, एखादं सावलीचं झाड आणि बसायला कट्टा. एवढं नीट केलं आणि नीट ठेवलं तरी पुरे. पाटणादेवीचा केदारकुंड असो, यावलची मनुदेवी असो की तोरणमाळची सीताखाई, त्यांनाही हेच लागू. दरी आधी, कठडा नंतर.

कसं जाल? जळगावहून फर्दापूर आणि तिथून घाट चढून अजिंठा गावाच्या दिशेने. वाटेत व्ह्यू पॉइंटचा फाटा लागतो. पुढे पायऱ्या उतरायच्या. पाय धडधाकट असतील तर लेण्यांकडून नदी ओलांडूनही चढता येतं. लेणी सोमवारी बंद असतात.

कधी? पाऊस ओसरल्यावर, सकाळी. पाणी, टोपी आणि ग्रिप असलेले बूट मस्ट. डोंगरात आग्यामोहोळं असतात, म्हणून सिगारेट आणि आरडाओरडा दोन्ही घरीच ठेवा. मोबाइल मात्र आणा. फक्त आधी पाच मिनिटं नुसतं बघा, मग फोटो!