नाव ज्याचं त्याचं

सोफिया

प्रिय शुभा,

तुझं पत्र पोचलं. ‘बल्गेरियातल्या मुसलमानांबद्दल कधी लिहीत नाहीस,’ ही तुझी तक्रार रास्त आहे. आज सविस्तर लिहिते.

१९८४च्या डिसेंबरात साम्यवादी सरकारने इथल्या तुर्कांची नावं बदलायला घेतली. पहाटे गावाला वेढा पडायचा आणि घरोघरी दमदाटी करून बल्गेरियन नावाच्या अर्जावर सही घेतली जायची. मेलेल्या आईबापांचीही नावं कागदोपत्री बदलली गं! चारचौघांत तुर्की बोलायला बंदी, सुंतेला बंदी. मोगिल्याने गावाजवळच्या निदर्शनांत गोळीबार झाला, त्यात दीड वर्षाची तुर्कान गेली. वेटलिफ्टर नईम सुलेमानोव्हलाही नाउम शालामानोव्ह करून टाकलं. १९८६ साली तो मेलबर्नमधून निसटून तुर्कस्तानात गेला आणि १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानसाठी सुवर्णपदक जिंकला.

१९८९च्या उन्हाळ्यात तर सुमारे ३,६०,००० तुर्कांना सीमा ओलांडून तुर्कस्तानात जायला भाग पाडलं. तंबाखूची पिकं शेतातच राहिली. नोव्हेंबरात साम्यवादी हुकूमशहा झिव्कोव्हची सत्ता गेली, १९९०च्या मार्चमध्ये नावं परत घेण्याचा कायदा झाला आणि गेलेल्यांपैकी कितीतरी जण माघारी आले.

पोमाकांचं दुखणं निराळं. ते मुसलमान, पण बोलतात बल्गेरियन. त्यांची नावं सत्तरच्या दशकातच बदलली होती. ती परत मिळाली, तरी ओढाताण संपली नाही. बल्गेरियन म्हणतात, ‘तुम्ही आमचेच, बाटलेले.’ तुर्क म्हणतात, ‘तुम्ही आमचेच, भाषा विसरलेले.’

पोमाकांच्या रिब्नोवो गावातलं हिवाळ्यातलं लग्न बघायला हवं. नवरीचा रुखवत घराबाहेर लाकडी चौकटींवर टांगतात: गोधड्या, विणकाम, कपडे, सगळं गावाला दिसेल असं. नवरीच्या चेहऱ्याला पांढऱ्या रंगाचा जाड थर देतात, त्यावर रंगीत टिकल्यांची नक्षी. ती डोळे मिटून असते, मौलवींची दुआ होईपर्यंत उघडत नाही. साम्यवाद्यांनी अशा चालीरीती मोडायचा प्रयत्न केला, पण राजवट कोसळल्यावर हे लग्न पुन्हा थाटात होऊ लागलं. इतक्या ठसठशीत रीतीच्या माणसांना ‘तुम्ही खरे कोण?’ असं दरडावून विचारायचा अधिकार कुणालाच नाही, असं मला मनापासून वाटतं.

२०१२ साली इथल्या संसदेने मुसलमानांवरच्या त्या सक्तीचा निषेध केला आणि १९८९च्या हकालपट्टीला वांशिक शुद्धीकरण म्हटलं. उशीर झाला, पण केलं ते योग्यच केलं. माणूस कोण आहे हे त्यालाच विचारावं आणि तो सांगेल ते मानावं. सरकारनेही, शेजाऱ्यानेही.

तुझी,
मेधा