काटा आणि सदरा

दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात शकुंतला आता येत नाही. अडीच फुटी रुळांवरच्या या गाडीने यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला जायचा आणि तिथून मुंबई बंदरामार्गे मँचेस्टरला. गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. १९९४ पर्यंत ते राबलं. इंजिनाचं साल, गाव, सगळं लोकांना तोंडपाठ. वेचणाऱ्या बायांबद्दल विचारा, नुसते हात हलवतील.

यवतमाळच्या वाटेवर एका वावरात वेचणी चालली होती. लुगड्यांवर पुरुषांचे फुलबाह्यांचे सदरे, कमरेला फडक्याची ओटी, बोटांना चिंध्या. "नवऱ्याचा हाय जी. पऱ्हाटी ओरखडते, ऊन बी लागते," एक बाई हात न थांबवता म्हणाली. वाळक्या बोंडाची टोकं बोटांत कशी घुसतात, हे त्या चिंध्यांकडे बघून कळतं.

दिवस कलल्यावर बांधावर काटा टांगला गेला. मजुरी किलोवर.

सोलोमन नॉर्थप या स्वतंत्र माणसाला पळवून अमेरिकेतल्या लुइझियानात गुलाम केलं होतं. सुटल्यावर १८५३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात अशीच संध्याकाळ आहे. कापूस कमी भरला तर फटके. जास्त भरला तर उद्यापासून तेवढा भरायलाच हवा. त्याच १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरला मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर इकडे वळली.

मग इथे जिन आले, कापसातून सरकी काढणारे कारखाने. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांचे तास बांधले खरे, पण वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. हंगामी जिनांना याहून सोयीची पळवाट कोणती? १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनला जिनांत १७-१८ तास राबणारी माणसं आढळली.

बांधावर चाबूक नव्हता, हे सांगायलाच हवं. उचल मात्र होती. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच संपली, पण दिवाळीआधी घेतलेले पैसे वेचणीत फेडायचे असले की बाई दुसऱ्या वावरात जादा भावाने जाऊ शकत नाही. सारा दोष मालकाच्या माथी मारावा, तर त्याच्या कापसाचा भावही दुसराच कोणी ठरवतो.

मालकाचा पोरगा वहीत आकडे मांडत होता. किलो, रुपये, वजा उचल. सदरेवाल्या बाईने वाकून बघितलं, "किती राहिले रे?" विचारलं आणि त्याने सांगितलेला आकडा शेजारणीकडून पुन्हा मोजून घेतला.