वाहनाची जन्मनोंद

मूल जन्मास आलें कीं ग्रामपंचायतीच्या दप्तरीं त्याची नोंद होते. वाहनाचेंही तसेंच आहे. इंजिनाचा क्रमांक, चासीचा क्रमांक, मालकाचें नांव व ठिकाण हें सर्व दप्तरांत लिहिलें गेल्याखेरीज त्यास सार्वजनिक रस्त्यावर फिरण्याचा अधिकार नाहीं. ही नोंद ठेवणाऱ्या कचेरीचें नांव परिवहन कार्यालय. लोक तिला 'आरटीओ' म्हणतात, आणि तेंही बहुधा कपाळास आठ्या घालून.

उमापूर हें गेवराई तालुक्यांतील गांव. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरीपलीकडे छत्रपति संभाजीनगर व जालना, पश्चिमेस अहिल्यानगर जिल्हा. म्हणून आमच्या रस्त्यावर एम्. एच्. २३ हा बीडचा आंकडा दिसतो, तसेच १६, २० व २१ हे पाहुणेही दिसतात. मुलें हे आंकडे पाढ्यांप्रमाणें पाठ करतात. परंतु त्यांचा उपयोग खेळापुरता नाहीं. एखादी गाडी कोणास धक्का देऊन पळाली, तर त्या आंकड्यांवरूनच तिचा धनी सांपडतो. अनोळखी माणसास जबाबदार धरतां यावें, हेंच या नोंदीचें प्रयोजन होय.

वाहनाची नोंद झाली, तरी हांकणाऱ्याची परीक्षा राहतेच. सध्यांचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें परवान्यास १८ वर्षें वय लागतें. गिअर नसलेल्या, ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीस १६ वर्षें चालतात, पण पालकांची संमति हवी. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. २०२१ पासून महाराष्ट्रांत शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्याही देतां येते. तेथें शेजारीं परीक्षक बसलेला नसतो. दुसऱ्याकडून उत्तरें देवविणारा आपणांसच फसवितो.

पालकांस आमची एक विनंति आहे. शेतावर डबा पोंचवावयाचा असतो, दूध घालावयाचें असतें, एस्. टी. वेळेवर येत नाहीं. अडचण खरी आहे, आम्ही ती नित्य पाहतों. तरीही आठवी-नववींतील मुलाच्या हातीं मोटारसायकलची किल्ली देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयीन चालकाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. दंड भरून निघेल. गेलेला जीव कोठून आणावा?

ऊसतोडीच्या हंगामांत आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडीं, सरपण आणि वर निजलेलीं लेंकरें. अशा ट्रॉलीच्या पाठीमागें लाल परावर्तक पट्टी लावावी, असा कचेरीचा आग्रह असतो; पुष्कळांस तो फुकाचा जाच वाटतो. परंतु काळोख्या रात्रीं मागून येणाऱ्यास ती लेंकरें दिसणार तीं त्या वीतभर पट्टीमुळेंच.

याच कायद्यांत २०१९ सालीं आणखी एक कलम आलें. अपघातांतील जखमीस सद्‌भावनेनें मदत करणाऱ्यामागें खटल्याचें लचांड लागूं नये, अशी त्यांत व्यवस्था आहे. त्या मदतनिसास कायद्यांत 'गुड समॅरिटन' म्हटलें आहे. म्हणजे आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असलेला तो यरीहोच्या वाटेवरील चांगला शोमरोनी! शास्त्रपाठाच्या तासास ऐकलेली गोष्ट देशाच्या कायद्यांत आली, याचा आम्हांस मोठा आनंद वाटतो.

विद्यार्थिमित्रांनो, अठरावें वर्ष फार दूर नाहीं. तोंवर सायकल आहे, पाय आहेत. आणि वाटेंत कोणी पडलेला दिसलाच, तर थांबण्यास कोणताच परवाना लागत नाहीं.