लावणीतली कणकण

आषाढात आमच्या गावात अंग दुखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दिवसभर कमरेत वाकून तरवा लावायचा, संध्याकाळी भिजलेल्या अंगाने घरी यायचं, गरम पेज प्यायची आणि आडवं व्हायचं. आशा म्हणून मी घरोघर तापाची चौकशी करत फिरते. अर्ध्या घरांना कुलूप असतं, उरलेल्या घरांत एकच उत्तर मिळतं, "ताप नाय, नुसती कणकण." सिंधुदुर्गात लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, फावतं ते या कणकणीमुळेच.

म्हणून पावसाळ्यात मीच शेताच्या मेरेवर जाते. डॉक्सीसायक्लिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, आठवड्यातून एकदा. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ही गोळी देत नाही. बाकीच्यांनी ती माझ्यासमोर घ्यावी म्हणून जेवणाची वेळ गाठते. उपाशीपोटी घेतली की पोटात ढवळतं, आणि मग "तुझी गोळी बाधली" हे वर्षभर ऐकावं लागतं. गमबूट घाला, असंही आम्ही सांगतो. पण चिखल केलेल्या कुणग्यात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. सगळे अनवाणीच उतरतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा, कुठे काटा मोडलेला.

रोगाला तेवढीच वाट पुरते. मेरेतल्या बिळांत उंदीर राहतात. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू त्यांच्या मूत्रपिंडात वस्तीला असतात. उंदराला त्याचं काही होत नाही, पण लघवीवाटे ते जंतू पाण्यात नि चिखलात उतरतात आणि ओल असेपर्यंत कित्येक दिवस तग धरतात. गुरं, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतूनही ते येतात. जखमेतून किंवा पाण्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतात. त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी ताप येतो. तोवर कुठल्या पाण्यात उतरलो होतो हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

भावोजींना ताप आला तेव्हा लावणी संपत आली होती. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून ते पुन्हा शेतात गेले. मी विचारलं तर म्हणाले, "लावणीत कोणाचा आंग दुखना नाय गे वैनी?" बोलताना त्यांनी वर पाहिलं तर डोळे लालभडक. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, इथे ती नव्हती. मी पोटरीवर हात ठेवून थोडं दाबलं, तर तो दांडगा माणूस कळवळला आणि त्यांनी पाय ओढून घेतला. चालून, वाकून पोटऱ्या भरून येतात, पण नुसत्या स्पर्शाने जीव जात नाही.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी आधी विचारलं, "लघवी कधी झाली?" सकाळी, तीही थोडीशी. मलेरिया नव्हता, डेंग्यूही नव्हता, प्लेटलेट मात्र उतरलेल्या. लेप्टोची रक्ततपासणी सुरुवातीच्या दिवसांत फसवते, कारण अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता इंजेक्शन सुरू केलं आणि १०८ बोलावून त्यांना जिल्ह्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी शेजारच्या गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याचं नाव काढलं. मी त्यांना सांगितलं, ही कावीळ एकटी आलेली नाही. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, फुप्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो, त्यावर मुळी उगाळून चालायचं नाही. त्या चिडल्या, पण भावोजी इस्पितळातच राहिले. डायलिसिसची तयारी झाली होती, तेवढ्यात लघवी सुटली. पुढे अहवाल आला, लेप्टोच.

गणपतीला मुंबईकर आले तेव्हा त्यांना नवल वाटलं. "हा तर आमच्या गटारातला रोग!" २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक छातीभर पाण्यातून चालत घरी गेले आणि मागोमाग लेप्टोची साथ आली, तेव्हापासून मुंबईत हे नाव पोराटोरांना माहीत आहे. तिथलं पाणी काळं, घाण वास येणारं. माणूस आपसूक सावध होतो. आमच्या कुणग्यातल्या पाण्यात आभाळ दिसतं. पिढ्यान् पिढ्या ज्यात राबलो त्या पाण्याचा संशय कोण घेणार?

आता मी ‘ताप आहे का’ एवढंच विचारून पुढे जात नाही. पोटऱ्या दाबून बघते, डोळे बघते, लघवीचं विचारते. दमणुकीने अंग दुखतं, ताप येत नाही, हे प्रत्येक दारात सांगते. भावोजी गोळी घेतात आणि दुसऱ्यांनाही दम देऊन घ्यायला लावतात. बूट मात्र अजून घालत नाहीत. कधी कधी बाया स्वतःहून येऊन पोटरी पुढे करतात. बहुतेक वेळा ती नुसती दमणूकच निघते, तरी मी कोणाला "उगाच आलीस" म्हणत नाही.