दोराची दोन टोके

बंद पडलेल्या वाहनास दोर बांधून दुसऱ्या वाहनाने ओढून नेणे, यास आपल्याकडे सर्रास 'टोचन' म्हणतात. रस्त्यावर जो थोडाफार शेजारधर्म अजून शिल्लक आहे, त्यात या टोचनाची गणना आम्ही मोठ्या कौतुकाने करीत असू. अडल्यानडल्याला दोर देणारा माणूस हा भला माणूस, यापलीकडे आम्ही कधी विचार केला नव्हता. तो विचार करण्याची वेळ आमच्यावर वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार येथे, २०२३ सालच्या हिवाळ्यात, दिवेलागणीला आली.

आमचा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने मित्रांच्या साहाय्याने एक चिमुकली मोटार जुळवली होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, जुन्या रिक्षाचे इंजिन, भंगारातून आणलेली चाके आणि उंची जेमतेम आमच्या कमरेइतकी. मागचा आस पुन्हा जोडून घेण्यासाठी ती मालेगावच्या एका कारागिराकडे न्यायची होती. मालवाहू टेम्पो भाड्याने करावा, असे बहिणीने सुचवले. आम्ही म्हणालो, "एवढ्याशा गाडीला टेम्पो कशाला? आपली जीप आहे, दोर आहे." काटकसर हा सद्गुण खरा, परंतु पुष्कळदा निष्काळजीपणाच त्याचा अंगरखा घालून येतो.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शेलूबाजारलाही त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. मात्र जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि दुचाकींना प्रवेशही नाही, तेथे दोराने बांधलेली वरात नेणे हा वेडेपणाच ठरला असता. म्हणून आम्ही गावातून जाणारा जुना रस्ता धरला आणि तेवढ्यावरच स्वतःस शहाणे समजू लागलो.

टोचनातील खरी मेख वेग कमी करताना कळते. पुढचे वाहन मंदावले की दोर सैल पडतो आणि मागचे वाहन आपल्याच गतीने पुढे येत राहते. पुन्हा वेग घेतला की दोर एकदम ताणला जाऊन हिसका बसतो. तो सारा हिसका कडीवर येतो, आणि आमची कडी तर एका पातळ नळीला डाग देऊन जोडलेली होती. दोर ताठ राखण्यासाठी ब्रेक जपून दाबण्याचे काम मागच्या चालकाचे असते. म्हणजे ज्याच्या हाती वेग नाही, त्याच्याच पायाशी सारी सुरक्षितता असते. कारखान्यात बनलेल्या मोटारीतही इंजिन बंद असल्यास ब्रेक जड होतो, चक्र जड होते, आणि किल्ली काढून घेतली तर चक्र जागीच अडकते. आमच्या गाडीला तर दिवेही नव्हते. ती इतकी बुटकी की जीपच्या आरशात दिसेना, आणि इतकी हलकी की मागे काही आहे याचा भारही जाणवेना.

शेलूबाजारच्या चौकात गर्दी होती. आम्ही जीप मंदावली. डाव्या बाजूने एक मोटारसायकलस्वार आला. मागे त्याची पत्नी, दोघांच्या मध्ये चारेक वर्षांची मुलगी. जीपमागची मोकळी जागा पाहून, आम्ही त्यालाच वाट देत आहोत असे समजून, तो त्या जागेतून आडवा निघाला. धुळीच्या रंगाचा दोर तिन्हीसांजेला त्याला दिसावा तरी कसा? भाच्याची किंकाळी ऐकून आम्ही ब्रेक दाबला, तोवर दोर चाकात गुंतून तिघेही रस्त्यावर पडली होती.

देवाची कृपा की सर्वांचाच वेग कमी होता. मुलीचे कोपर सोलवटले, बापाच्या गुडघ्याला मार लागला. बाजूच्या टपरीवरील म्हातारबाबा धावत आले. मुलीला उचलून घेत ते एवढेच म्हणाले, "दोर दिसतच नाही ना जी!" त्या माउलीने मुलीला उराशी धरले, आणि मग थरथर कापणाऱ्या आमच्या भाच्याकडे पाहून टपरीवरचा पाण्याचा पेला पहिल्यांदा त्याच्या हाती दिला. "पी बाबा, पी," ती म्हणाली. त्या क्षणी तिने आम्हांला शिवीगाळ केली असती, तर आम्हांला सोसणे सोपे गेले असते.

जवळच्या डॉक्टरांकडे मलमपट्टी झाली आणि ते कुटुंब घरी गेले. गाडी आम्ही तेथेच ठेवली व दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून नेली. जे भाडे आम्ही वाचवू पाहत होतो, ते अखेर मोजलेच.

पुढे आम्ही नियम वाचले. १९८९ च्या वाहतूक नियमावलीत टोचनाची सारी शिस्त सांगितली होती. नादुरुस्त किंवा अर्धवट जुळवलेले वाहनच ओढावे, तेही पोहोचवण्यापुरते वा जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत. दोन वाहनांतील अंतर ५ मीटरहून अधिक नसावे, दोर इतरांना सहज दिसेल असा असावा, मागील वाहनावर ते ओढून नेले जात असल्याची ठळक पाटी असावी, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये. मागच्या वाहनात परवानाधारक चालक असावा, नाहीतर त्याची पुढची चाके उचलून धरलेली असावीत. २०१७ साली नवे विनियम आले, तरी त्यामागील विचार तोच आहे. आमच्याकडे पाटी नव्हती, दोराला साधी चिंधीही नव्हती. भाच्याजवळ फक्त शिकाऊ परवाना होता, आणि हे आम्हांला आधीपासून ठाऊक होते. नोंदणी नसलेल्या त्या गाडीला विमा कोठून असणार? त्या लेकराचे काही बरेवाईट झाले असते, तर भरपाई तरी कोणी दिली असती?

याचा अर्थ मुलांनी गाड्या बनवू नयेत असा नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून मोटार घडवली आणि २०२१ साली देशभर त्यांचे कौतुक झाले. आनंद महिंद्रा यांनीही त्यांच्या कल्पकतेची वाखाणणी केली. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कौतुक आणि सावधगिरी एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत, आणि पहिली आज्ञा मनुष्यवधाची मनाई करणारीच आहे. ती वाचताना पूर्वी आम्हांला थोडे हसू आले होते. पापनिवेदनाच्या वेळी आपण राग, लोभ, असत्य आठवतो. पण घाईत काढलेली गाडी, न बांधलेली चिंधी आपल्याला कधी आठवते का? त्या शनिवारी आम्हांला ती आठवली, आणि धर्मगुरूंसमोर आम्ही ती सांगितली.

आमच्या जीपमध्ये संत ख्रिस्तोफरचे पदक आहे. दंतकथेत हा धिप्पाड संत एका बाळाला खांद्यावर घेऊन नदी पार करतो, आणि मध्यावर ते बाळ त्याला पेलवेनासे होते. चौकातल्या त्या मुलीला रस्त्यावरून उचलण्यासही आम्ही पुढे झालो नव्हतो. ते काम म्हातारबाबांनी केले.

तेव्हापासून जीपमध्ये दोराबरोबर लाल कापडाच्या चार पट्ट्या आणि एक पांढरी पाटी असते. वाचकहो, आपल्याही दोराला आज एक लाल चिंधी बांधून ठेवा. आणि टेम्पोचे भाडे परवडत असेल, तर तो दोर तसाच घरी राहू द्या.