हातोड्याचे दांडे

माझी धाकटी बहीण फिलाडेल्फियाजवळ राहते. गेल्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे परत केले आणि सौ.ला घेऊन तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो. नायगरा पाहून झाला, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता पाहून झाली. मग एका शनिवारी मेहुणे म्हणाले, "दादा, आज तुम्हांला एका सुताराचं घर दाखवतो."

सौ.ने माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. त्याचे कारण सांगायला हवे. आमच्या चिरंजिवांनी फेब्रुवारीत इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष अर्ध्यावर सोडले होते, आणि घराजवळच्या एका सुताराच्या दुकानात ते रोज रंधा मारायला जात होते. तेव्हापासून आम्हा बापलेकांत "जेवायला ये" आणि "आलो" यांपलीकडे संभाषण उरले नव्हते. परदेशी तरी हा विषय मागे राहील, अशी माझी समजूत होती!

पेओली स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, व्हॅली फोर्जच्या डोंगरउतारावर, गर्द झाडीत ते घर आहे. वॉर्टन एशरिक हा त्याचा धनी. 1887 साली फिलाडेल्फियात जन्मला. चित्रकार व्हायचे म्हणून कलाशाळेत गेला, पण 1910 साली अभ्यासक्रम पुरा न करताच बाहेर पडला. हे वाक्य आमच्या मार्गदर्शक बाईंनी अगदी सहज उच्चारले. मला मात्र ते कुणीतरी मुद्दाम सांगायला लावल्यासारखे वाटले.

1913 साली पेओलीजवळ एक जुने शेतघर घेऊन तो बायकोसह तिथे राहू लागला. चित्रे खपेनात. 1919 साली अलाबामातल्या फेअरहोप गावी शाळेत शिकवायला गेला असताना तो आपल्या चित्रांच्या चौकटी स्वतःच कोरू लागला. लोक चित्राकडे कमी आणि चौकटीकडे जास्त पाहू लागले. कुणाही कलावंताने यावर रुसून बसायचे. हा गडी चौकटीच्या बाजूला गेला! सुतारकाम त्याला कुणी शिकवले नव्हते. सांधे नीट जुळवायला त्याने पुढे एक कसलेला सुतार मदतीला घेतला, ही गोष्टही बाईंनी लपवली नाही.

हे घर त्याने 1926 पासून बांधायला घेतले आणि पुढची चाळीस वर्षे तो ते वाढवीतच राहिला. भिंती दगडी, तिथल्या जुन्या कोठारांसारख्या. 1966 सालचा गोल मनोरा पानगळीच्या रंगांनी लिंपलेला. आत पाऊल टाकले आणि सौ. म्हणाली, "अगं बाई, इथे सरळ काहीच नाही!" खरेच होते. खुंट्यांना माणसांचे चेहरे आहेत. घर बांधणाऱ्या कामकऱ्यांचीच ती व्यंगचित्रे. जेवणघराची जमीन अक्रोड आणि सफरचंदाच्या लाकडाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची. दिवा लावायला दोरी ओढावी, तर तिच्या टोकालाही कोरलेला लाकडाचा तुकडा. बोटांत धरला की हा आपल्याच हातासाठी केला असावा असे वाटे.

आणि तो जिना! 1930 सालचा, ओक लाकडाचा. मधला खांब पीळ घेत वर जातो आणि त्यातून पायऱ्या फांद्यांसारख्या फुटतात. प्रत्येक पायरी त्या खांबातच खाच पाडून बसवलेली. दुसऱ्या टोकाला आधार नाही. न्यूयॉर्कच्या 1939 च्या जागतिक प्रदर्शनात हा जिना इथून काढून नेऊन मांडला होता. मी भीतभीतच चढलो. पायरी हलली नाही, मीच हललो.

सुरुवातीला तो मेजांवर झाडे, पाने कोरीत असे. 1927 सालच्या एका लिहिण्याच्या मेजावर ती अजून आहेत. पुढे त्याने वरचे नक्षीकाम सोडले आणि खुर्चीचा पायच फांदीसारखा वळू दिला. मी पंचवीस वर्षे मुलांना अलंकार शिकवीत आलो आहे. त्या मेजापासून त्या खुर्चीपर्यंतच्या चार पावलांत जे दिसले, ते मला फळ्यावर कधी नीट सांगता आलेले नाही.

1956 साली त्याने नवी कार्यशाळा बांधली, ती लुई कान यांच्या साहाय्याने. अहमदाबादचे आयआयएम ज्यांनी उभारले तेच हे कान. मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरले ते 1958 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. मी मनात वजाबाकी केली. 1910 ते 1958. अठ्ठेचाळीस वर्षे! एवढी वर्षे त्याच्या बापाने काय केले असेल, हे बाईंना विचारायचे ओठांवर आले होते. विचारले नाही.

सगळ्यांत अखेर त्यांनी एक साधी खुर्ची दाखवली. जवळच्या रोझ व्हॅलीतल्या हेजरो नाट्यगृहासाठी केलेल्या खुर्च्यांपैकी ती होती. हातोड्याच्या दांड्यांची पिंपे त्याच्या हाती लागली होती. त्या दांड्यांचेच त्याने पाय केले, त्यांच्याच आडव्या काठ्या केल्या. दांड्याचा तो फुगीर, मुठीत बसणारा बाक खुर्चीला असा शोभत होता, की हातोड्यासाठी तो कधी केलाच नव्हता! सौ. बराच वेळ तिथून हलेना. मग हळूच म्हणाली, "त्याला दाखवायला हवी होती." त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारले नाही.

1970 साली एशरिक गेला आणि दोन वर्षांनी घराचे संग्रहालय झाले.

परतताना मेहुण्यांना खिळे हवे होते, म्हणून आम्ही एका लोखंडी सामानाच्या दुकानात शिरलो. तिथे भिंतीला हातोड्याचे नुसते दांडे टांगलेले होते. मी एक काढला, पैसे दिले, आणि कुणी काही विचारायच्या आत पिशवीत टाकला. सामानाच्या बॅगेत तो माझ्या धोतरजोडीत गुंडाळून आला.

घरी पोचलो त्या रात्री तो चिरंजिवांच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो उचलला, दिव्याखाली धरला, रेषांवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून सरळ आहे का ते पाहिले.

"हिकरी आहे का हो बाबा?" त्याने विचारले.

"असेल," मी म्हणालो, आणि पेओलीची ती खुर्ची मला आठवेल तशी सांगू लागलो. जेवणे थंड होईपर्यंत सांगत होतो. तो मधेमधे कागदावर रेघा ओढत होता.

"खुर्चीला चार पाय लागतात," शेवटी तो म्हणाला. "एकच आणलात?"